साठांपैकी अठ्ठावीस

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून आमच्या आयसीयूत माझा तक्ता सुरू झाला. माझा म्हणजे मी शोधून काढलेला नव्हे, जगभर वापरतात. पण तंजावूरच्या या हॉस्पिटलात तो आणायला मला आठ महिने डॉक्टर सुब्रमण्यमांच्या मागे भुणभुण करावी लागली, म्हणून माझाच.

इतके दिवस पेशंटच्या फाइलीत काय लिहायचे? ‘अशक्त.’ दुसऱ्या दिवशी काय? ‘थोडा बरा.’ थोडा म्हणजे किती? कप्पाळ! आता तसं चालणार नाही. हाताच्या तीन हालचाली, पायाच्या तीन, दोन्ही बाजू मिळून बारा. प्रत्येकीला शून्य ते पाच गुण. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे स्नायू नुसता आखडला, हालचाल नाही. तीन म्हणजे हात किंवा पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलला. पाच म्हणजे मी धरलेलं असताना मलाच ढकलून देईल एवढा जोर. एकूण साठ. अठ्ठेचाळीसच्या खाली आला की समजायचं, आजाराने आणि पडून राहण्याने माणसाच्या अंगातली ताकद गेली आहे, आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरवायचं.

माझ्यासारखाच फिजिओथेरपिस्ट असलेला सतीशकुमार बारा वर्षं याच खाटांमधून फिरतोय. त्याच्याकडे माझ्यासारखी मोठी पदवी नाही, पण तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तक्ता बघून म्हणाला, “मॅडम, हात धरला की मला कळतं.” मी म्हटलं, “तुम्हाला कळतं हो, फाइलीला कळत नाही.” तो तक्ता घेऊन कामाला लागला. लागायलाच हवं होतं.

ही वही मी मराठीत लिहिते याचा एक मोठा फायदा आहे. सासरची माणसं तीनशे वर्षांपूर्वी इथे आलेली, घरात मराठीच बोलतात, पण देवनागरी कुणालाही वाचता येत नाही. नवरा कार्तिकेय तमिळ पेपर वाचतो, माझी आठ वर्षांची हरिणी मराठीत ऐकते आणि तमिळमध्ये उत्तर देते. मिरजेहून आलेली मी एकटी ही अक्षरं गिरवत बसते. वही जेवणाच्या टेबलावर उघडी टाकली तरी कुणाच्या बापाला कळायचं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

चार नंबरच्या खाटेवर नवीन पेशंट, व्हेंटिलेटरवर परवापासून. चिदंबरराव, वय एकाहत्तर, पापनाशमजवळ शेती. बांधावरच्या बारीक किड्याच्या चाव्याने ताप आला, घरी चार दिवस काढे पिऊन काढले आणि ताप फुप्फुसांत उतरला. सध्या गुंगीच्या औषधावर आहेत.

घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या पिठाचा हात तसाच ठेवून उठल्या. सगळे त्यांना अम्मा म्हणतात, मीही. “चिदंबर? आमचाच तो! माझ्या आईच्या मामाच्या घरचा. नांगर धरून शेत केलेला माणूस, मोपेडवरून अजून बांधावर जातो. डोळा उघडला कीं?”

मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी देवापुढे रुपया ठेवला आणि पुन्हा पीठ मळायला बसल्या. म्हणजे हे माझे कोणीतरी मामेसासरे लागतात. इथे कोण कोणाचं लागत नाही? राजवाड्याच्या आमच्या गल्लीत तर दगड मारला तरी नातेवाइकालाच लागेल.

११ नोव्हेंबर, सोमवार

चिदंबरमामा जागे झाले. शनिवारी गुंगीचं औषध थांबवलं होतं. काल माझी सुट्टी होती, सतीशने तक्ता भरला: अडतीस. हात वीस, पाय अठरा. आज मी माझ्या हातांनी तपासलं आणि आले सव्वीस. हात वीसच, पाय सहा.

नीट लिहून ठेवते, कारण यावरून आज भांडण झालं.

मी आधी ओळख दिली. तोंडात नळी असलेल्या माणसाला समोर कोण आलंय ते कळलं पाहिजे. मराठीत म्हटलं, “नमस्कार मामा, मी शर्वाणी. राजवाड्याच्या गल्लीतल्या राजलक्ष्मीअम्मांची सून.” त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन दिवस सगळे कानाशी तमिळमध्ये ‘अय्या, अय्या’ ओरडताहेत, त्यात घरची भाषा. मलाही भरून आलं. मग शुद्ध तपासली. डोळे मिटा, माझ्याकडे बघा, मान हलवा, भुवया उचला: सगळं पटापट. जीभ दाखवा म्हटल्यावर मात्र म्हातारा लाजला! तीनदा सांगितल्यावर नळीच्या बाजूने जिभेचं टोक दाखवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. म्हणजे समजतंय सगळं. गोंधळ नाही.

मी नेहमी पायांकडून सुरुवात करते. मिरजेला आमच्या बाईंनी लावलेली सवय: तोंडाजवळ आधी गेलं की पेशंट घाबरतो, वाटतं नळीला हात लावतील. म्हणून खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, वाकून दोन्ही घोट्यांना एकदम हात लावायचे, सूज आणि ऊब बघायची, मग एकेक पाय. “मामा, पाऊल माझ्या हातावर दाबा. दाबा जोरात. ढकला मला.” काही नाही. पोटरी हाताखाली घट्ट झाली, तेवढंच. गुडघा, तसंच. मांडी, तसंच. सगळीकडे एक. उलट उजवा हात, ज्याला मी काही सांगितलंच नव्हतं, तो उठला, माझ्या दिशेने आला, अर्ध्यावर थरथरला आणि चादरीवर पडला. सांगितलं पायाला, ऐकलं हाताने.

सतीशला बाहेर बोलावून विचारलं, “पायांना अठरा गुण कुठून आणलेत? हा देवळातला प्रसाद नव्हे, दिसेल त्याच्या हातावर ठेवायला.”

“मॅडम, काल त्यांनी मला ढकललं.”

“आणि आज?”

“आज तुम्ही बघितलंत. मी नाही बघितलं.”

इतक्या शांतपणे म्हणाला की मला तेच जास्त टोचलं. मी सांगून टाकलं, चार नंबरला यापुढे मीच तपासणार आणि व्यायामही मीच देणार. दोघांनी दोन आकडे लिहिले तर तक्त्याची अब्रू काय राहील?

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पाय सहाच. आज तर मी घोट्यांना हात लावल्याबरोबर उजवा हात वर आला, कालपेक्षा उंच. सिस्टर कनकलता धावत आली, “मॅडम, नळी ओढतायत!” परवा सात नंबरच्या पेशंटने नळी उपसून काढली होती, त्यामुळे सगळे घाबरलेले. तिने विचारलं, बांधू का? मी हो म्हटलं. मऊ बँडेजने मनगट खाटेच्या दांडीला बांधलं. मामा माझ्याकडे बघत होते. म्हटलं, “मामा, तुमच्याच भल्यासाठी.”

कनकलताची एक तक्रार: चार नंबरची चादर रोज सकाळी पायाशी गोळा झालेली असते, कोण करतं कळत नाही. म्हटलं, आया आवरत नसतील नीट.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज दुपारी डॉक्टर सुब्रमण्यमांच्या खोलीत घरच्यांशी बोलणं झालं. मामांचा मुलगा रघुराम चेन्नईहून आलाय. त्याची आई अंबामामी. नऊवारी नाही, कांजीवरमही नाही, साधी सुती साडी आणि पायात रबरी चपला. आल्यापासून बाहेरच्या बाकावरच बसून असतात.

डॉक्टरांनी ताप उतरलाय, फुप्फुसं साफ होताहेत असं सांगितलं. मग म्हणाले, “पण अंगात ताकद नाही. शर्वाणी, आजचा आकडा?”

“साठांपैकी अठ्ठावीस. हात सुधारले. पाय मात्र चार दिवस तिथेच आहेत, पाचांपैकी एक.”

डॉक्टर म्हणाले, अशा अशक्तपणात व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही. गळ्याला भोक पाडून तिथून नळी घालावी लागेल, काही महिने लागतील, आणि तरी अंथरुणातून उठतील याची खात्री नाही. रघुराम खाली बघत ऐकत होता. मग तमिळमध्ये म्हणाला, “अप्पा नेहमी सांगायचे, मला पडून ठेवू नका. बांधावरून चालत घरी आलो तर घरी, नाहीतर नाही. त्यांचं तेवढंच मागणं आहे.” मग मला विचारलं, “मॅडम, चालतील का?”

मी म्हटलं, आकडा तसं सांगत नाही.

तो म्हणाला, मग घरी नेतो. शनिवारी. इथे ‘घरी नेतो’ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. अँब्युलन्समध्ये पिशवी दाबत श्वास द्यायचा, ओटीवर खाट तयार ठेवायची, आणि उंबऱ्याच्या आत गेल्यावर नळी काढायची.

बाहेर अंबामामींनी माझा हात धरला. “तूं आमच्या घरची. मज खरें सांग. ते माझ्याकडे बघतात, मी बोललें तर मान हालवतात. पाय चालेल कीं?”

मी काय म्हणाले? म्हणाले, “मामी, आकडा खोटं बोलत नाही.”

हे इथे लिहिताना जरा विचित्र वाटतंय. पण खोटी आशा लावणं मला जमत नाही. कुणीतरी स्पष्ट बोलायला हवंच ना.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट झोप झाली नाही. तक्ता तीनदा काढून बघितला. हात सुधारले आणि पाय चार दिवस तस्सेच, वर नाही खाली नाही. असं पाहिलेलं नाही. दोन्ही पाय, सगळे स्नायू, सारखा एक. मज्जारज्जूचं काही असेल का म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय व्यवस्थित उडतो, मज्जारज्जू ठीक आहे. मग? मग काही नाही. मी सकाळी पुन्हा वाकले, घोटे धरले, पुन्हा एक.

अम्मांना सांगितलं, उद्या घरी नेताहेत. त्यांनी देवापुढचा रुपया सरळ केला. मग म्हणाल्या, “नेण्याच्या आधीं एकदां पाया पडून ये. मोठा माणूस जातो आहे.”

मी वैतागले. “अम्मा, मी रोज त्यांच्या पायांशीच असते!”

त्यावर रडता रडता त्यांना हसू फुटलं. म्हणाल्या, “तुमच्या लग्नांत काय झालें ठाऊक आहे कीं? मंडपांत तांबड्या मुंग्या. तूं वाकलीस, चिदंबराच्या पायांवर अस्की मुंग्या.” अस्की म्हणजे सगळीकडे, खूप. “तूं नवी पोर, मुकुट सांवरत बसलीस, उठायला वेळ लावलीस. तो हालला नाहीं! पाय खांबासारखा, हात वर. तूं उठून गेल्यावर जो नाचला मंडपांत!” आणि डोळे पुसत पुन्हा हसल्या.

कुठल्या वेळेला काय आठवावं याला काही धरबंद नाही. माझं डोकं दुखत होतं, मी उठून आत आले. मला तर ते लग्नात होते हेही आठवत नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहायला हवं.

अकराला अँब्युलन्स येणार होती. मी नऊला पोचले. चार नंबरपाशी सतीश उभा होता, नुसता उभा. मला बघून म्हणाला, “मॅडम, जाताहेत तर एकदा मी बघू?”

खरं सांगायचं तर मला राग आला. वाटलं, याला अजून रविवारचे अठरा सोडवत नाहीत. म्हटलं, “बघा. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्यासमोरच बघा.”

तो पायथ्याशी गेला नाही. कुशीच्या बाजूने उभा राहिला, एक हात गुडघ्याखाली घातला, दुसरा नडगीवर ठेवला आणि चहा मागावा तशा आवाजात म्हणाला, “अय्या, ढकला.”

मामांनी ढकललं. सतीशचं कोपर वाकलं. पुन्हा ढकललं. दुसरा पाय, तोही. मग न सांगता दोन्ही गुडघे वर घेतले आणि चादर लाथेने खाली सारली, उकडत होतं म्हणून.

मी पुढे झाले. “मामा!” म्हणून ओरडले, पायथ्याशी जाऊन वाकले, घोटे धरले. “दाबा!” पाय खांब. दगड. पोटरी घट्ट, हालचाल नाही. आणि उजवा हात बँडेजला हिसका देऊन वर यायला बघत होता.

मला वाटलं मला वेड लागेल. सतीशकडे बघितलं. तो माझ्याकडे नव्हता बघत, त्या हाताकडे बघत होता. मग त्याने तोंडावर हात ठेवला. “मॅडम, जरा सरळ उभ्या राहा.” मी राहिले. हात खाली पडला. “आता वाका.” वाकले. हात वर.

“अय्यो, मॅडम. हे आशीर्वाद देताहेत तुम्हाला. तुम्ही पाया पडताय! घरच्या सुनेने पाय धरल्यावर कोण म्हातारा लाथ मारेल?”

मी तिथेच खाटेच्या दांडीला धरून उभी राहिले. नमस्कार मामा, राजलक्ष्मीअम्मांची सून, आणि खाली वाकून दोन्ही हात पायांना. रोज. सहा वेळा लग्न लागल्यासारखी. आणि वर ओरडत होते, ढकला मला! हरिणीचा पाय चुकून पुस्तकाला लागला तर मी तिला नमस्कार करायला लावते. मिरजेत काय, तंजावूरात काय, कुठल्याही घरात शेंबडं पोर सांगेल की थोर माणूस अशा वेळी पाय हलवत नाही. मला तेवढं कळलं नाही, कारण माझ्या हातात तक्ता होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझा तर गोठाच रिकामा निघाला.

मनगटाची गाठ सोडली. सुटेना, कनकलताने कात्री दिली. हात वर आला आणि माझ्या निळ्या टोपीवर टेकला. जड होता. मी त्याला गुण दिले नाहीत.

मग धावत डॉक्टरांच्या खोलीत गेले. रघुराम कागदावर सही करत होता. मी म्हटलं, “थांबा. आकडा चुकलाय.”

डॉक्टरांनी विचारलं, “किती?”

“सेहेचाळीस. सतीशने काढलेला. चोवीस हात, बावीस पाय.”

“आणि अठ्ठावीस?”

“तो माझा. त्यांच्या पायांत जोर होता. मी पाया पडत होते, म्हणून ते हलले नाहीत.”

डॉक्टर सुब्रमण्यम खुर्चीतून उठले आणि स्वतः बघायला आत गेले. रघुराम माझ्याकडे वळला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “गुरुवारपासून मी आईला समजावतोय. ओटीवर खाट ठेवलीय. क्रियाकर्मासाठी वाध्यारांना, भटजींना फोन केलाय. तुमच्या आकड्यावर.”

मी म्हटलं, “हो. चूक माझी आहे.”

डॉक्टर परत आले. “गळ्याचं ऑपरेशन नको, घरीही नको. आजपासून रोज थोडा वेळ मशीनचा आधार कमी करून बघू. ह्या पायांचा माणूस श्वासही घेईल.” रघुरामने कागद फाडला नाही, घडी करून खिशात घातला. अजून विश्वास बसला नसावा. मला त्याचा दोष वाटत नाही.

अंबामामींनी मला फक्त एक विचारलं, “त्यांचा हात कां बांधला होता?”

१७ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी होती तरी गेले. जुने तक्ते काढून बसले. दोन आठवड्यांत मी तपासलेले साठीच्या पुढचे सहा जण. मामा धरून तीन जणांचे पाय हातांपेक्षा बरेच कमी. त्यातला एक शिक्षक होता, मी त्याला ‘सर’ म्हणत होते. एक बाई रामेश्वरमच्या, माझं कुंकू बघून रोज हसायच्या. त्यांच्याबाबतीत खरंच पायच कमजोर होते, की तिथेही मी नमस्कार करून आले, आता कसं कळणार? दोघं घरी गेले. बरे होऊन गेले, तेवढं तरी.

सतीशची माफी मागितली. तो म्हणाला, “मॅडम, तक्ता चांगला आहे. त्या दिवशी मी अठरा लिहिले म्हणूनच तर शंका आली. नुसतं ‘बरा’ लिहिलं असतं तर भांडण कशावरून केलं असतं?” हे मला सुचायला हवं होतं. मग म्हणाला, “फक्त म्हाताऱ्यांच्या पायथ्याशी जाऊ नका. बाजूने या.” बारा वर्षं तो बाजूनेच जातोय. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

काल अँब्युलन्स गेली असती तर आज अम्मा आणि मी पापनाशमला भेटायला गेलो असतो. मी पांढरी साडी शोधली असती. अंबामामींसमोर बसून त्यांचं सांत्वन केलं असतं. माझ्या हातून काय झालं ते मला कधीच कळलं नसतं, आणि सोमवारी मी कामावर जाऊन पाच नंबरचे घोटे धरले असते. हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काल दोन तास, आज सकाळपासून मशीनच्या आधाराशिवाय. साडेचारला नळी काढली! मामांनी खोकून खोकून डोळे लाल केले, मग तोंड मिटून बघितलं, उघडून बघितलं. पहिला शब्द: “कॉफी.” कनकलता म्हणाली, आज नाही अय्या. त्यांनी तोंड फिरवलं. अंबामामी दारातून बघत होत्या, चपला हातात घेऊन.

घरी सांगितलं तर अम्मांनी मला खीर वाढली. मी म्हटलं, अम्मा, मला कशाला? तुमच्या मुंग्यांची गोष्ट मी ऐकली असती तर एक दिवस आधी कळलं असतं. त्या म्हणाल्या, “तूं ऐकत नाहींस, हें मज दहा वर्षें ठाऊक आहे. खा.”

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

चिदंबरमामांना आज साध्या वॉर्डात हलवलं. सतीश एका बाजूला, मी दुसऱ्या, खाटेपासून खुर्चीपर्यंत सहा पावलं. पाय लटपटत होते पण त्यांचेच होते. खुर्चीत बसल्यावर घामाघूम. रघुरामने फोनवर फोटो काढला.

सगळे पांगल्यावर मी स्टूल घेऊन त्यांच्या शेजारी बसले, बाजूने. म्हटलं, “मामा, माफ करा. मी पाया पडायला येत नव्हते. पाय तपासायला येत होते. गुण द्यायला.”

आवाज अजून घोगरा आहे, हळूहळू बोलतात. “किती दिलीस?”

“एक.”

“शंभरांत?”

“पाचांत.”

हसू आलं आणि हसण्याने खोकला. अंबामामींनी पाठ चोळली. “मास्तर देखील इतका कमी देत नव्हता,” म्हणाले.

“मग ढकलायचं ना, मामा! मी बोंबलून सांगत होते, ढकला, ढकला.”

“तूं सांगशील. तूं लहान. मी ढकलीन कीं?”

“बरं, आता तर कळलं ना? आता दाबा एकदा माझ्या हातावर.” मी हात पुढे केला.

“सतीशास बोलाव,” म्हणाले.

अंबामामी हसल्या. मीही हसले. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. “तुम्हाला काय वाटत होतं, मामा? रोज मी येते, वाकते, ओरडते, जाते. काय समजलात?”

त्यांनी मामींकडून घोटभर पाणी घेतलं. मला वाटलं दमले असतील, उठावं.

“पहिल्या दिवशीं वाटलें, राजलक्ष्मीची सून, मर्यादेची पोर. बरें वाटलें. दुसऱ्या दिवशीं आणखी आलीस. तिसऱ्या दिवशीं आणखी. रोज कोण पाया पडतें? तेव्हां समजलें. डॉक्टर बोलत नाहीं, रघु बोलत नाहीं, अंबा रडते. ही एक पोर निरोप घेऊन जाते आहे. मी जाणार.”

मामींचा हात पाठीवर थांबला.

“भय नाहीं वाटलें. जाणाऱ्यास एकच काम असतें, पाया पडले त्यांस आशीर्वाद द्यावा. तेवढें करून जाऊं म्हटलें.” मनगट त्यांनी दुसऱ्या हाताने जरा चोळलं. “तर तुम्ही हात बांधलांत.”

मला रडू आलं, तिथेच, वॉर्डात, सगळ्यांसमोर. मी ते थांबवलं नाही.